शिरेतून दिलेले औषध आणि कानातले रातकिडे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे, वक्त्यांनी स्वतः लिहून दिलेले रूप)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर आणि शिवकालीन पत्रव्यवहारावर व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीत औषधाच्या दुष्परिणामांसारखा रुक्ष विषय घेऊन उभे राहताना मला संकोच वाटतो आहे. व्यवस्थापकांनी विषय विचारला तेव्हा मी प्रथम 'उतारवयातील आहार' असे निरुपद्रवी काहीतरी सांगितले होते. नंतर मनाशी म्हटले, चाळीस वर्षांहून अधिक काळ या जबलपूर शहरात वैद्यकी केली, मंडळाच्या निम्म्या घरांत नाडी पाहिली. आता निवृत्त झाल्यावर तरी जे सांगावयाचे राहून गेले ते सांगावे. म्हणून विषय बदलला.

१९८१ साली मी येथे आलो तेव्हा आपल्या मंडळींच्या तोंडी एक शब्दप्रयोग प्रथम ऐकला. महाराष्ट्रात आपण 'सलाईन लावले' म्हणतो. येथे आपली माणसे 'बाटली चढवली' म्हणतात. हिंदीच्या शेजाराने आलेला हा प्रयोग आता माझ्याही तोंडी बसला आहे. परंतु त्या शब्दांमागची श्रद्धा मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. गोळी दिली की औषध साधे. सुई दिली की बरे. आणि बाटली चढवली की खरा उपचार झाला! ताप आलेल्या माणसाचे नातेवाईक माझ्याकडे येऊन, 'डॉक्टरसाहेब, दोन बाटल्या चढवून टाका, म्हणजे आम्हीही निश्चिंत,' असे हात जोडून सांगत. त्या बाटलीत वा तिच्या नळीतून जे प्रतिजैविक जाते ते काय आहे, किती आहे, किती दिवस जाणार आहे, हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला. आणि खरे सांगावयाचे तर असे विचारणारा माणूस भेटला की आम्हा डॉक्टरांच्या कपाळाला बारीक आठीही पडत असे.

तोंडाने घेतलेल्या औषधाला शरीरात शिरण्यापूर्वी अनेक दारे ओलांडावी लागतात. जठर आहे, आतडे आहे, यकृत आहे. नको असेल ते उलटून पडते, काही शोषलेच जात नाही. शिरेतून दिलेल्या औषधाला हे दारवान नाहीत. सुईतून सुटले की काही क्षणांत ते हृदयातून सर्वांगी फिरते, आणि गेलेले परत घेता येत नाही. गंभीर संसर्गात हेच त्याचे सामर्थ्य असते. रक्तातच जंतू भिनलेला असताना गोळी विरघळण्याची वाट पाहण्यास सवड नसते. मात्र जे सामर्थ्य तीच जोखीम.

यातील काही जोखमी लगेच दिसतात, म्हणून त्यांच्यावर इलाजही लगेच होतो. व्हँकोमायसिन नावाचे एक प्रतिजैविक आहे. त्याची एक ग्रॅमची मात्रा निदान तासभर सावकाश जावी लागते. घाईने सोडली तर रुग्णाचा चेहरा, मान आणि छाती तांबडीलाल होते, अंगाला खाज सुटते, कधी रक्तदाबही उतरतो. पाहणाऱ्याला वाटते, हे औषध याला वावडे आहे. पुष्कळदा ते खरे वावडे नसते. वेगाचा दोष असतो. औषध थांबवून, लाली ओसरल्यावर सावकाश दिले तर बहुधा निभावते. सेफ्ट्रिॲक्सोन हे आपल्याकडे अत्यंत प्रचारात असलेले औषध. ते कॅल्शियम असलेल्या द्रवात, उदाहरणार्थ रिंगर लॅक्टेटमध्ये, मिसळले तर त्याचे कण जमतात, आणि तान्ह्या मुलांत यामुळे मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. पेनिसिलिनच्या कुळातील औषधांनी काहींना मिनिटांत घसा आवळणारी, रक्तदाब कोसळवणारी प्रतिक्रिया येते. तिच्यावर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन देणे हाच पहिला उपाय, आणि जेथे ते हाताशी नाही तेथे शिरेतून प्रतिजैविक देऊच नये. हातावर एक थेंब टोचून 'टेस्ट केली, काही झाले नाही' असे म्हणतात, त्यावर फार विसंबू नये एवढेच सांगतो. शीर सुजणे, नंतर जुलाब लागणे या गोष्टी आपल्यापैकी अनेकांच्या अनुभवाच्या आहेत. त्यांत वेळ घालवीत नाही.

मला आज बोलावयाचे आहे ते लगेच न दिसणाऱ्या दुष्परिणामाविषयी. तो दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आणि तो प्रथम ज्याला कळतो तो डॉक्टर नसतो, परिचारिका नसते, तपासणीचे यंत्रही नसते. तो स्वतः रुग्णाला कळतो, आणि तेही अशा क्षुल्लक रूपात की ऐकणारा ते हसण्यावारी नेतो.

या औषधांच्या कुळाचा मूळपुरुष स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ या तरुण संशोधकाने मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवापासून ते वेगळे केले. क्षयावर चालणारे पहिले प्रतिजैविक ते हेच. वॅक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शात्झ यांना मिळाले नाही, आणि त्यावरून पुष्कळ वादंग झाले, पण तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आपल्या पिढीला स्ट्रेप्टोमायसिन परके नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनपाठोपाठ तेही तयार होऊ लागले. ज्या रोगाचे नाव उच्चारताना माझी आजी आवाज खाली आणीत असे, त्या रोगातून माणसे उठून कामावर जाऊ लागली. त्या आनंदाची कल्पना आजच्या तरुणांना येणे कठीण आहे.

परंतु ज्यांनी ते प्रथम क्षयरोग्यांना दिले त्या मेयो क्लिनिकमधील हिन्शॉ आणि फेल्डमन यांच्या अगदी आरंभीच ध्यानात आले की काही रुग्णांचा तोल जातो. पुढे या कुळात आणखी औषधे जन्मली. १९५७ साली जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी कॅनामायसिन शोधले. १९६३ साली जेंटामायसिन आले. १९७२ साली कॅनामायसिनच्याच रेणूत फेरफार करून जपानी संशोधकांनी ॲमिकासिन सिद्ध केले. आज आपल्या रुग्णालयांत शिरेतून सर्रास दिले जाते ते हे ॲमिकासिन. स्वस्त आहे, सहज मिळते, आणि इतर औषधांना न जुमानणाऱ्या अनेक जंतूंवर अजून चालते. या साऱ्या भावंडांत कुळाचा एक दोष कमीअधिक उतरला आहे: ही औषधे मूत्रपिंडाला आणि अंतःकर्णाला बाधतात. स्ट्रेप्टोमायसिन व जेंटामायसिन यांचा रोख अधिक तोलाच्या यंत्रणेवर, तर कॅनामायसिन व ॲमिकासिन यांचा अधिक श्रवणावर. पण ही सीमारेषा काटेकोर नव्हे.

असे का व्हावे? ही औषधे शरीरात मोडत नाहीत. जशी जातात तशीच मूत्रपिंडातून बाहेर पडतात. धडधाकट माणसात दोन-तीन तासांत रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. मूत्रपिंड थकलेले असेल तर त्याच गोष्टीला तीस तास किंवा त्याहूनही अधिक लागतात. म्हणजे आजची मात्रा बाहेर पडण्यापूर्वीच उद्याची येऊन तिच्यावर बसते. शिवाय मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी हे औषध आत ओढून साठवतात आणि स्वतःच दुखावतात. साधारणपणे पाच-सात दिवसांनी त्याची चिन्हे रक्ताच्या तपासणीत दिसू लागतात. लघवी मात्र व्यवस्थित होत राहते, आणि 'लघवी होते आहे ना? मग मूत्रपिंड ठीक आहे' या समजुतीने पुष्कळांचा घात झाला आहे. सुदैवाने मूत्रपिंडाच्या या पेशी पुन्हा निर्माण होऊ शकतात. औषध वेळेवर थांबवले तर बहुतेकांची मूत्रपिंडे सावरतात.

कानाचे तसे नाही. अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नलिका असते. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. डोक्यावर सूक्ष्म केसांचे झुबके असलेल्या पेशी. ध्वनीच्या लहरीने ते केस हलतात, पेशीच्या माथ्यावरची अतिसूक्ष्म द्वारे उघडतात आणि त्यातून ध्वनीचा संदेश मेंदूकडे निघतो. त्याच द्वारांनी हे औषध आत शिरते. एकदा आत गेले की लवकर बाहेर येत नाही. रक्तातून नाहीसे झाल्यावरही आठवडेच्या आठवडे तेथे ठाण मांडून बसते. म्हणून औषध बंद केल्यानंतरही बहिरेपण वाढू शकते. आणि पेशी मेली की मेली. कोंबडीच्या कानात ती पुन्हा उगवते. माणसाच्या कानात उगवत नाही. जन्मताना जी पंधरा हजारांची पुंजी मिळाली ती मिळाली.

शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी सर्वांत उंच स्वर ऐकतात, आणि त्याच प्रथम बळी पडतात. हे उंच स्वर नेहमीच्या बोलण्याच्या पलीकडचे असल्यामुळे आरंभी नुकसान कळतच नाही. रुग्ण गप्पा मारतो, प्रश्नांना उत्तरे देतो. सर्व काही आलबेल दिसते. कळते ते नुकसान बोलण्याच्या पट्टीपर्यंत उतरल्यावर. त्याआधी फार तर एक खूण मिळते: कानात बारीक किरकिर सुरू होते.

या ठिकाणी मला माझ्या घरची हकिकत सांगितली पाहिजे. ती सांगण्यासाठीच विषय बदलला, असे म्हटले तरी चालेल.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो. २०१४ साली ती अडुसष्ट वर्षांची होती. मधुमेह जुना, पायांवर सूज येई म्हणून लघवीची गोळी चालू. तिला मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन थंडी वाजून ताप भरला. भाच्याने गावाकडच्या एका रुग्णालयात दाखल केले. शिरेतून ॲमिकासिन सुरू झाले. मी रोज येथून दूरध्वनी करीत असे. चौथ्या दिवशी ताप उतरला; सर्वांना हायसे वाटले. सातव्या दिवशी आक्का मला म्हणाली, 'अरे बाळ, इथं रुग्णालयात रातकिडे फार आहेत रे. दिवसासुद्धा किरकिरतात.' मी हसलो. म्हणालो, 'आक्का, अशक्तपणानं होतं तसं. झोप नीट झाली की जाईल. औषधाचा कोर्स मात्र पुरा कर, मधेच सोडू नकोस.'

बंधुभगिनींनो, हे उत्तर एखाद्या अडाण्याने दिलेले नाही. तेहतीस वर्षे वैद्यकी केलेल्या, विद्यार्थ्यांना याच औषधाचे दुष्परिणाम फळ्यावर लिहून शिकवलेल्या माणसाने दिले. औषधाचे नाव मला माहीत होते. पायांवर सूज म्हणून ती घेत असलेली गोळी फ्युरोसेमाइडची आहे आणि तिच्या जोडीने या औषधाचा कानावरील घाव अधिक खोल जातो, हेही माहीत होते. दाखल होताना तिचे क्रिएटिनिन दीडच्या वर होते हे भाच्याने मला वाचून दाखवले होते. ते पुन्हा तपासले का, एवढे मी विचारले नाही. तपासलेले नव्हते. रुग्णालयाची चूक होती का? होती. परंतु तेथील तरुण डॉक्टर दिवसाला चाळीस रुग्ण पाहात होता, आणि आक्काने रातकिड्यांची गोष्ट त्याला सांगितलीच नव्हती. मला सांगितली होती.

दहा दिवसांचा कोर्स पुरा झाला. बाराव्या दिवशी ती घरी आली. संध्याकाळी देवघरात दिवा लावून तिने घंटा वाजवली आणि सुनेला म्हणाली, 'घंटेची जीभ निघालीय वाटतं, वाजत नाही.' सून बाजूलाच उभी होती. घंटा चांगली वाजत होती. पुढच्या पंधरा दिवसांत कुकरची शिट्टी गेली, पाखरे गेली, नातवाचे बोलणे धूसर झाले. साठ, पाठ आणि काठ तिला एकसारखे ऐकू येऊ लागले, कारण शब्दाशब्दांत भेद करणारी व्यंजने उंच पट्टीत असतात. स्वर उरतात, त्यांच्या कडा झिजतात. श्रवणाच्या आलेखावर रेषा खालच्या पट्टीत बऱ्यापैकी आडवी होती आणि मध्यानंतर कड्यावरून उडी घेतल्यासारखी कोसळली होती. तो आलेख हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. आक्काने मला कधीही दोष दिला नाही. 'तू काय लांबून ऐकणार होतास!' असे मात्र एकदा म्हणाली. त्यात उपहास नव्हता. असता तर बरे वाटले असते.

तोलाचा प्रकार याहून विलक्षण आहे. अंतःकर्णातच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळली की डोळे उलट दिशेने तितकेच वळवून समोरचे दृश्य स्थिर ठेवणे हे त्यांचे काम. एका बाजूची यंत्रणा बिघडली तर भोवळ येते, जग गरगरते. परंतु औषध दोन्ही कानांना सारखेच मारते, म्हणून भोवळ येतेच असे नाही. रुग्ण अंथरुणावर पडून असतो तोवर त्याला पत्ताही लागत नाही. बरा होऊन उठतो आणि पहिले पाऊल टाकतो तेव्हा जमीन गादीसारखी वाटते, चालताना समोरची भिंत उड्या मारते, अंधारात पाय कोठे पडतो कळत नाही. लोक म्हणतात, आजारातून उठला आहे, अशक्तपणा असणारच. १९५२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने केवळ आद्याक्षरे देऊन स्वतःचा अनुभव लिहिला. स्ट्रेप्टोमायसिनने त्याची तोलयंत्रणा पार नष्ट झाली होती. पलंगावर पडून वाचताना नाडीच्या ठोक्यागणिक डोके जे किंचित हलते, तेवढ्यानेही अक्षरे नाचत. म्हणून तो डोके पलंगाच्या लोखंडी गजांत अडकवून वाची. रस्त्यावरची पाटी वाचावयाची तर थांबावे लागे. आपले डोके क्षणोक्षणी हलते आणि तरीही जग स्थिर दिसते, ही केवढी मोठी व्यवस्था आहे हे ती मोडल्याशिवाय कळत नाही.

आता एका गोष्टीकडे माताभगिनींनी विशेष लक्ष द्यावे. काही घराण्यांत या औषधाची एक-दोन मात्रादेखील कायमचे बहिरेपण आणते. प्रमाण योग्य असते, मूत्रपिंड उत्तम असते, तरीही. आपल्या पेशींतील मायटोकाँड्रिया नावाच्या ऊर्जाकेंद्रांची जनुके निराळी असतात आणि ती केवळ आईकडून येतात. त्यांतील एका अक्षराचा बदल झाला तर पेशीतील प्रथिने बनवणारे यंत्र जंतूच्या यंत्रासारखे दिसू लागते, आणि जंतूसाठी सोडलेला बाण तेथे लागतो. १९९३ साली हा बदल ओळखला गेला. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे नवजात बालकाच्या गालाच्या आतून बोळा फिरवून अर्ध्या तासाच्या आत याचे उत्तर देणारी चाचणी यशस्वी झाल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ती बोळ्याइतकी सुलभ होईल तेव्हा होवो. तोवर आपल्याजवळ एक जुने साधन आहे, ते म्हणजे घरातली आठवण. आई, आजी, मामा, मावशी यांपैकी कोणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले होते का? क्षयाच्या काळातली अशी एखादी आजी पुष्कळ घरांत असते. तिची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. वडिलांच्या बाजूची नव्हे, आईच्या बाजूची.

क्षयाचे नाव निघाले म्हणून सांगतो. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर अनेक वर्षे कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोन्‌महिने द्यावी लागत. दहा दिवसांनी आक्काचे जे झाले ते ध्यानात घ्या, आणि मग महिन्यांचा विचार करा. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचे श्रवण अशाच उपचारात २०१३ साली, ऐन तारुण्यात गेले. त्या स्वस्थ बसल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, त्यांचेही श्रवण क्षयाच्या उपचारातच गेलेले. या दोघींनी मिळून बेडाक्विलिन या तोंडाने घ्यावयाच्या नव्या औषधावरील एकाधिकार वाढवून मिळू नये म्हणून भारतीय पेटंट कार्यालयापुढे हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा तो अर्ज फेटाळला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत कॅनामायसिन वापरू नये असेच सांगितले, आणि ॲमिकासिनदेखील श्रवणाची तपासणी होऊ शकत असेल तेथेच द्यावे असे म्हटले. ज्यांचे कान गेले त्यांनी पुढच्यांचे कान वाचवले.

इतके ऐकून कोणी असे समजू नये की मी या औषधांचा शत्रू आहे. नवजात अर्भकाच्या रक्तात जंतू भिनला तर अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही जोडी आजही जगभर पहिल्या पसंतीची आहे. तिने वाचवलेली मुले या सभागृहात बसलेली असतील. संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या माणसाला मी स्वतः ॲमिकासिन दिले आहे, आणि उद्या वेळ आली तर पुन्हा देईन. जीव आणि कान यांत निवड करावयाची असेल तर जीवच निवडावा लागतो. माझा आक्षेप आहे तो निवडीची वेळच आलेली नसताना, साध्या तापाला, 'जोडीला हेही असू दे' म्हणून ते देण्याला. आणि काम झाल्यावरही केवळ कागदावर दहा दिवस लिहिले म्हणून दहा दिवस चालू ठेवण्याला. 'कोर्स पुरा करा' हे वाक्य आम्ही डॉक्टरांनीच लोकांच्या मनावर इतके ठसवले आहे की ते कोठे लागू नाही हे सांगावयाचे राहून गेले. या औषधाचा कोर्स जितका आखूड तितका बरा. दोन-तीन दिवसांत जंतूच्या तपासणीचा निकाल येतो. तो पाहून सौम्य औषधावर जाता येते का, गोळीवर जाता येते का, हे ठरवावयाचे असते.

म्हणून घरचे माणूस रुग्णालयात असताना बाटलीकडे पाहून निश्चिंत होऊ नका. शिरेतून कोणते प्रतिजैविक जाते आहे त्याचे नाव विचारा आणि कितवा दिवस हे कॅलेंडरवर मांडा. नावाच्या शेवटी 'मायसिन' आहे म्हणून घाबरू नका, कारण ॲझिथ्रोमायसिनचे कूळ वेगळे. विचारावयाचे ते इतकेच, की हे मूत्रपिंडाला आणि कानाला बाधणाऱ्यांपैकी आहे का? असेल तर क्रिएटिनिन कधी तपासले आणि पुन्हा कधी तपासणार, हे विचारा. रुग्ण आधीपासून घेत असलेल्या गोळ्यांची यादी दाखवा; फ्युरोसेमाइड आणि दुखण्याच्या गोळ्या विशेषेकरून. स्नायूंच्या दुर्बलतेचा मायस्थेनिया नावाचा विकार असेल तर पहिल्या मात्रेपूर्वीच सांगा, कारण या औषधाने अशा रुग्णाचा श्वास अडखळू शकतो. औषध पाच दिवसांपलीकडे जाणार असेल, तर श्रवणाची तपासणी आधी आणि मध्ये करता येईल का, असे नम्रपणे विचारावयास हरकत नाही. कोणी रागावले तर रागावू द्या. मीही रागावत असे.

आणि रुग्ण म्हणाला की कानात काही वाजते आहे, कान भरल्यासारखे वाटतात, बसल्यावर खोली हलते, तर ते त्याच दिवशी, पुढची मात्रा जाण्यापूर्वी, डॉक्टरांच्या कानावर घाला. वृद्ध माणसे अशा तक्रारी डॉक्टरांना सांगत नाहीत. लेकीला सांगतात, सुनेला सांगतात, लांबच्या भावाला सांगतात. बेशुद्ध वा अर्धवट शुद्धीतला रुग्ण आणि तान्हे मूल यांना तर सांगताच येत नाही. त्यांच्यासाठी मूत्रपिंडाची तपासणी आणि दिवसांची मोजणी एवढाच आधार.

दुष्परिणाम झालाच तर त्याची नोंद झाली पाहिजे. आपल्या देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. ही नोंद डॉक्टरच करू शकतो असे नव्हे. रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात. आक्काची नोंद मी केली, तीही दोन वर्षांनी. तोवर ती आपल्या घरची खाजगी दुर्दैवाची गोष्ट आहे असेच मी समजत होतो.

आक्का आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही कानांत श्रवणयंत्रे आहेत. ती आवाज मोठा करतात, पण मेलेल्या पेशींच्या जागी काही ऐकवू शकत नाहीत. दूरध्वनीवर बोलणे जमत नाही म्हणून आम्ही एकमेकांना पत्रे लिहितो. मंडळाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत आपण सर्वच जशी लिहीत होतो तशी. मागच्या पत्रात तिने लिहिले आहे की देवघरात आता तिने पितळेची मोठी, जाड आवाजाची घंटा आणवली आहे आणि ती थोडी ऐकू येते. रातकिडे मात्र अजून आहेत.

व्यवस्थापकांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. ज्यांच्या घरी सध्या कोणी रुग्णालयात असेल त्यांनी कृपया प्रथम विचारावे.